इंजिन फिरते, पण सुरू का होत नाही?

मे महिन्यातली दुपार आहे अशी कल्पना करा. अकोल्याहून अमरावतीला लग्नाला निघालेली एक जुनी फियाट मूर्तिजापूरला चहापाण्यासाठी थांबली. पंधरा-वीस मिनिटांनी मंडळी पुन्हा गाडीत बसली. काकांनी किल्ली फिरवली आणि इंजिन 'खुर्र-खुर्र-खुर्र' असे फिरू लागले. फिरले, पण सुरू काही झाले नाही. अशा वेळी गाडीभोवती चार माणसे जमतात आणि चार निदाने होतात. एक म्हणतो बॅटरी उतरली, दुसरा म्हणतो प्लग गेले, तिसऱ्याला पेट्रोलमध्ये कचरा दिसतो, आणि चौथा म्हणतो, "धक्का मारा ना भाऊ, होते सुरू!" या चौघांपैकी खरा कोण, हे वाद न घालता कसे ठरवायचे ते आज आपण पाहू या.

जुनी गाडी मी मुद्दाम घेतली आहे. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तर प्लास्टिकची झाकणे तेवढी दिसतात. फियाट किंवा अँबेसेडरचे बॉनेट उघडले की पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळाच समोर येते. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. फियाट ११०० ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात बनत असे. १९७४ पासून ती 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. बंगालमधील उत्तरपाड्याची अँबेसेडर २०१४ मध्ये बनायची थांबली. तरी आपल्या वऱ्हाडात कोणाच्या ना कोणाच्या वाड्यात, ताडपत्रीखाली का होईना, यांपैकी एखादी गाडी तुम्हाला अजून सापडेल.

आता आवाजाकडे लक्ष द्या. किल्ली फिरवल्यावर नुसते 'कट्' झाले असते तर तो आजार निराळा होता. इथे इंजिन जोमाने फिरते आहे. इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, म्हणजे आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतो त्याला, शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह लागतो. ठिणगी पाडणाऱ्या कॉईलला लागतो जेमतेम तीन-चार अँपिअर. जी बॅटरी पहिले काम करते ती दुसरे सहज करील. म्हणजे हात न लावता, नुसत्या कानाने, आपण पहिल्या माणसाचे निदान बाद केले! एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. इंजिन रडतखडत, दमल्यासारखे फिरत असेल तर सेल्फच बॅटरीचा सगळा जोर खातो, १२ व्होल्टचे ९ व्होल्ट होतात आणि ठिणगी फिकी पडते. धक्का मारून सुरू होते ती गाडी बहुधा हीच. सेल्फ जोरात फिरत असेल तर धक्का देऊन घाम तेवढा निघतो.

बॅटरी सुटली. मग उरले काय? पेट्रोलच्या इंजिनाला पेटण्यासाठी तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, त्या मिश्रणाचा दाब, आणि नेमक्या क्षणी ठिणगी. हवेचे प्रमाण ऐकून तुम्ही चकित व्हाल. एक किलो पेट्रोल पुरते जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. लिटरात सांगायचे तर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा. ही मोजणी कार्ब्युरेटर नावाचे पितळी जेटांचे साधे यंत्र करते. मग दट्ट्या ते मिश्रण सात-आठ पट आकुंचित करतो आणि दट्ट्या वर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडते.

ठिणगीचा भाग सर्वांत गमतीचा आहे. बॅटरी १२ व्होल्टची, आणि दाबाखालच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला लागतात दहा ते वीस हजार व्होल्ट. हे आणायचे कोठून? फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, आणि बदल जितका झटपट तितका दाब मोठा. कॉईलमध्ये जाड तारेची काही शे वेटोळी आणि बारीक तारेची काही हजार वेटोळी एकाच लोखंडी गाभ्यावर असतात. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहतो. डिस्ट्रिब्युटरमधले 'पॉइंट' नावाचे दोन छोटे संपर्क उघडले की प्रवाह एकदम तुटतो, क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे राहतात. म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह तुटताना, जोडताना नव्हे. पॉइंटांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. तिथे प्रवाह रेंगाळू नये म्हणून शेजारी एक कंडेन्सर बसवलेला असतो. प्रवाह झटकन तुटावा हेच त्याचे काम. तो बिघडला की पॉइंटांवरच ठिणग्या नाचतात आणि प्लगवर काही उरत नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांच्या गाडीत हा खेळ सेकंदाला १०० वेळा होतो.

आपले मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात. हे नाव कोठून आले, ठाऊक आहे? बॅटरीवर चालणारी ही ठिणगीची पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने रूढ केली. १९०९ मध्ये डेटन गावी त्याने काढलेल्या कंपनीचे नाव डेल्को. तसेच पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला मिस्त्री 'एसी पंप' म्हणतात. त्याचा गार हवेशी काही संबंध नाही. आल्बर्ट चॅम्पियन या उद्योजकाच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत.

मधोमध तपासा

संशयित पुष्कळ आहेत. टाकी, नळी, पंप, कार्ब्युरेटरची सुई, जेट. तिकडे किल्लीचा स्विच, कॉईल, पॉइंट, कंडेन्सर, डेल्कोचे टोपण, आतला फिरता रोटर, तारा, प्लग. असे वीस संशयित धरले आणि एकेकाची झडती घ्यायची म्हटले तर वीस झडत्या होतील. पण 'वीस प्रश्नांचा' खेळ तुम्ही खेळला आहात ना? त्यात हुशार मुलगा पहिलाच प्रश्न 'तो वाघ आहे का?' असा विचारत नाही. तो विचारतो, 'सजीव आहे का?' एका उत्तरात अर्धे जग बाद होते. वीसाचे दहा, दहाचे पाच, मग तीन, दोन आणि एक. पाच प्रश्नांत काम फत्ते.

पुढच्या तपासण्या घरातल्या जाणत्या माणसाबरोबरच करायच्या, बरे का! पेट्रोल आणि ठिणगी यांची गाठ नको तिथे पडू देऊ नये. ठिणगीची परीक्षा आधी करावी, पेट्रोलची नळी त्यानंतर सोडावी. पंख्यापासून हात आणि ओढणी दूर ठेवावी.

पहिला मोठा प्रश्न एका प्लगला विचारायचा. सेल्फ चांगला मारून झाल्यावर एक प्लग काढून पाहा. तो ओला असून पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, ते पेटत नाही. ठिणगीच्या वाटेने जा. कोरडा असेल तर पेट्रोलच्या वाटेने. अर्धे संशयित एका फटक्यात सुटले! फक्त एक खात्री करून घ्या: चोक ओढून आणि ॲक्सिलरेटर दाबून दाबून कोणी इंजिनात पेट्रोलचा पूर तर आणला नाही ना? तसे असल्यास प्लग पुसून वाळवावे, चोक बंद करावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा, म्हणजे भरपूर हवा जाऊन आतले जास्तीचे पेट्रोल उडून जाते.

ठिणगीच्या वाटेवर मधोमध कोण आहे? कॉईलपासून डेल्कोच्या टोपणाच्या मध्यावर जाणारी जाड तार. ती टोपणातून उपसून, कोरड्या लाकडी चिमट्यात पकडून, तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचे आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. कडकडीत निळी ठिणगी उडाली तर कॉईल, पॉइंट, कंडेन्सर, स्विच सगळे निर्दोष; दोष पुढे, टोपण-रोटर-तारांत. ठिणगी नाही, किंवा पिवळसर मरतुकडी आहे, तर दोष मागे.

दोष मागे निघाला तर १२ व्होल्टचा एक लहान दिवा कामी येतो. त्याची एक तार कॉईलच्या पॉइंटकडच्या टोकाला लावा, दुसरी गाडीच्या धातूला. पॉइंट उघडे असताना दिव्यातून प्रवाह जातो आणि तो लागतो. पॉइंट मिटले की प्रवाहाला सोपी वाट मिळते आणि दिवा विझतो. म्हणजे सेल्फ मारताना दिवा लुकलुकला पाहिजे. लुकलुकतो आहे आणि तरी ठिणगी नाही? मग कॉईल किंवा कंडेन्सर. सतत लागून राहतो? पॉइंट मिटत नाहीत किंवा काजळले आहेत; बारीक पॉलिश पेपर फिरवा. मुळीच लागत नाही? तर स्विचकडून प्रवाहच येत नाही, किंवा पॉइंट उघडत नाहीत. दहा-वीस रुपयांचा दिवा आणि दोन तारा, पण किती बोलका साक्षीदार!

पेट्रोलच्या वाटेवरही मध्यावरच उभे राहावे. पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी सोडून तिचे टोक बाटलीत घाला आणि सेल्फ मारा. त्याआधी कॉईलची जाड तार काढून अशी ठेवा की ठिणगी उडणार नाही. बाटलीत पेट्रोलच्या पिचकाऱ्या आल्या तर टाकी, नळी आणि पंप ठीक. कार्ब्युरेटरमधली सुई अडकली असेल किंवा जेटात कचरा असेल. पिचकारी नाही तर मागे जा. आणि मागे जाताना टाकीत काठी घालून बघायला लाजू नका. काट्यावर विश्वासून पंप उघडणारे मी पाहिले आहेत. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा हा पुष्कळदा शोभेचाच असतो.

दाबाची परीक्षा क्वचितच लागते, कारण दाब एका दिवसात जात नाही. चालती गाडी अचानक बंद पडली तर मात्र डेल्कोचे टोपण काढून सेल्फ मारावा आणि रोटर फिरतो का पाहावे. रोटर, पंप आणि झडपा हे सगळे एकाच कॅमशाफ्टवर चालतात. रोटर स्तब्ध उभा असेल तर बहुधा आतली टायमिंगची साखळीच तुटली आहे, आणि मग रस्त्यावर काही करता येत नाही. कोणी प्लगच्या तारा काढून उलटसुलट लावल्या असतील तर गाडी कार्ब्युरेटरमधून फटाके वाजवते. फियाट काय, अँबेसेडर काय, ठिणगीचा क्रम १-३-४-२ असाच असतो.

पण थांबल्यावरच का?

आता आपल्या मूर्तिजापूरच्या फियाटकडे वळू. ती अकोल्याहून मजेत आली होती. बिघडली ती थांबल्यावर. ही साधी गोष्ट फार मोठा पुरावा आहे.

चालत्या इंजिनात पाणी खेळते, पंखा फिरतो, वारा लागतो. इंजिन बंद केले की हे सगळे थांबते, पण लोखंडातली उष्णता कोठे जाणार? ती बॉनेटखाली पसरते. म्हणून थांबल्यानंतर पंधरा-वीस मिनिटे पंप, नळ्या आणि कार्ब्युरेटर आधीपेक्षा जास्त तापतात! एसी पंप तर इंजिनालाच बोल्टने जखडलेला. आणि पेट्रोल हे पाण्यासारखे एकाच तापमानाला उकळत नाही. ते अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातला हलका अंश ३५-४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतो आणि जड अंश २०० अंशांपर्यंत तग धरतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पना करा. भारतीय मानकांत पेट्रोलच्या या उडून जाण्याच्या स्वभावावर उन्हाळ्यासाठी वेगळी, जास्त कडक मर्यादा घातलेली आहे ती उगीच नव्हे.

शिवाय पंप पेट्रोल ओढतो म्हणजे त्या बाजूचा दाब कमी करतो, आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंच आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. तोच नियम पंपाच्या पोटात लागू होतो. एकदा का तिथे पेट्रोलची वाफ झाली की पंपाची पडदी खालीवर होते खरी, पण वाफ नुसती फुगते आणि दबते, पुढे सरकत नाही. शेतकऱ्यांच्या घरच्या मुलांना हे लगेच समजेल. विहिरीवरचा पंप हवा धरतो तेव्हा मोटर फिरते, पाणी मात्र येत नाही. तसा हा पेट्रोलचा पंप वाफ धरतो.

यावर मिस्त्रींचा उपाय म्हणजे पंपावर ओला फडका. आपल्याकडे तो फार गुणकारी ठरतो आणि त्याचे श्रेय वऱ्हाडच्या कोरड्या हवेला आहे. माठ गार होतो, वाळ्याचा पडदा आणि कूलर काम करतात, तेच हे कारण. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता नेते. पंप अर्धा किलो लोखंडाचा मानला तर त्याचे तापमान ३० अंशांनी उतरवायला पावणेसात हजार ज्यूल काढावे लागतील, म्हणजे तीन ग्रॅम पाणी पुरे. चहाचा अर्धा चमचा! अर्थात इंजिनाकडून उष्णता येतच राहते, म्हणून फडका पुन्हा पुन्हा भिजवावा लागतो. दमट मुंबईत हीच युक्ती इतकी चालायची नाही.

म्हणजे निदान झाले? अजून नाही. समजा मूर्तिजापूरला एक मिस्त्री आला. त्याने प्लग साफ केले, पंपावर फडका टाकला, कॉईल हलवून पाहिली, आणि या सगळ्यात अर्धा तास गेला. गाडी सुरू झाली. मंडळींनी पैसे दिले आणि निघाली. बडनेऱ्याच्या अलीकडे ती पुन्हा बंद पडली तर? मुहूर्त टळायची वेळ, आणि गाडी कशाने सुरू झाली होती तेच कोणाला सांगता येत नाही.

कारण इथे आणखी एक संशयित आहे आणि तोही उन्हाळ्यातच गुन्हा करतो. तो म्हणजे कॉईल. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉईल ६० अंशांनी तापली तर रोध जवळजवळ पाव पट वाढून प्रवाह एक पंचमांश घटतो. चुंबकीय क्षेत्रातली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती एक तृतीयांशाने कमी होते. नवी कॉईल हे सोसते. जुन्या कॉईलचे आतले आवरण जीर्ण झालेले असते, तापले की तिथून वीज झिरपते आणि ठिणगी गायब होते. गार झाली की कॉईल पुन्हा शहाणी!

पाहा, दोघांचे वागणे अगदी एक. दोघेही तापल्यावर बिघडतात, थांबल्यावर जास्त बिघडतात, अर्ध्या तासाने आपोआप बरे होतात. तेव्हा 'थोडे थांबलो आणि सुरू झाली' हा कोणाच्याच विरुद्ध पुरावा नाही. यावर नवी कॉईल आणणारा आणि नवा पंप आणणारा, दोघेही पैसे अंदाजाने खर्चतात. सोडवणूक एकच आहे: गाडी तापलेली असतानाच, फडका टाकण्यापूर्वी, ठिणगीची परीक्षा घ्यायची. निळी कडक ठिणगी आली तर कॉईल सुटली. प्लग कोरडा आहे का पाहा आणि मग पंपावर, फक्त पंपावर, फडका टाका. ठिणगी मेलेली असेल तर पंपाला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम रस्त्याच्या कडेला पाळायला फार धीर लागतो, कारण चार माणसे आठ सूचना करीत असतात.

हा रस्ता आता फार सुधारला आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. गाड्याही बदलल्या. आजच्या गाडीत विजेचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, मागून ढकलतो, तेही वातावरणाच्या दोन-तीन पट जास्त दाबाने. दाब वाढला की उत्कलनबिंदू वर जातो, त्यामुळे वाफ धरण्याचा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. अशा गाडीवर तार उपसून ठिणगी पाहण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नका. तिचा संगणक जळेल. जुन्या गाडीवाल्यांपुढे एक नवा प्रश्न आहे तो इथेनॉलचा. २०२५ मध्ये आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलची वाफ होण्याची ओढ थोडी वाढते, आणि जुन्या पंपांच्या पडद्या व रबरी नळ्या इथेनॉलसाठी बनवलेल्याच नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात. पडदी चिरली तर पिचकारी येत नाही, आणि ओला फडका टाकूनही येत नाही.

आता एक कोडे. जुलै महिना, रात्रभर पाऊस पडून गेला आहे. सकाळी अंगणातली अँबेसेडर जोरात फिरते, पण सुरू होत नाही. प्लग काढला तर ओला, पेट्रोलचा वास येणारा. चोक कोणी ओढलेला नाही. दिवा लुकलुकतो. जाड तारेतून निळी ठिणगीही उडते. कोरडे फडके घेऊन तुम्ही सर्वांत आधी गाडीचा कोणता भाग पुसाल, आणि का?